मामांच्या खाटेवरचा थोरला

रविवार, दि. १२ ऑक्टोबर, दुपारचे सव्वातीन. उपड्या घमेल्यावर बसून लिहितो आहे. (खुर्ची मोकळी नाही. कारण पुढे येईलच.)

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तो मनातल्या मनात घातला आहे, पोचला असे समजावे.) डोळ्याचे ऑपरेशन नीट पार पडल्याचे ताईने फोनवर सांगितले आणि जीव भांड्यात पडला. खाली वाकू नका, डोळा चोळू नका आणि ताईने औषध घालताना तिच्याशी वाद घालू नका. इकडे मामी ठणठणीत, गाय ठणठणीत, मी वर लिहिल्याप्रमाणे. तुमच्याशिवाय घर अगदी रिकामे रिकामे वाटते.

ऑपरेशनसाठी ताईकडे निघताना गाडीत बसता बसता तुम्ही म्हणाला होता, "भोपळे धड घरात आले तर पुढच्या हंगामापासून शेत तुझ्या हाती. नाहीतर परत दुकानात पुड्या बांधायला जा." (शाळेत गणितात मी इतके भोपळे आणले, पण ते वाहायला कधी बैल लागले नव्हते.) तुमचे नियम मी घोकून ठेवले : देठ धरून उचलायचा नाही, जमिनीवर ठेवायचा नाही, भोपळ्याला भोपळा टेकू द्यायचा नाही.

शेजारचे पैलवान बैलगाडी घेऊन आले आणि आल्या आल्या दोन हातांत दोन भोपळे देठाला धरून उभे राहिले. मी ओरडलो, "पैलवान, देठ सोडा, तुटला की भोपळा सडतो!" "मग काय कान धरू?" ते म्हणाले. पण ऐकले. फक्त त्यानंतर प्रत्येक भोपळा माझ्या हातात देताना "घ्या, मुलगी झाली" म्हणायचे, ते त्यांनी संध्याकाळपर्यंत सोडले नाही.

उतारावर गाडीची मागची फळी निसटली. तुम्ही बियाण्यासाठी चुन्याची खूण केलेला थोरला भोपळा खाली उतरला आणि थेट घराच्या दिशेने निघाला. (वाट त्याला कुणी दाखवली कोण जाणे.) मी धावत पुढे गेलो आणि तो पोटावर झेलला. त्याला ओरखडाही नाही, देठ शाबूत आहे. माझी कंबर तेव्हाची.

आता साठवणीचे. टेकू द्यायचा नाही म्हणजे किती लांब ठेवायचा, हे तुम्ही सांगितले नव्हते. कमी पडायला नको म्हणून मी वीतभर अंतर धरले आणि कोठीतल्या फळ्यांवर गवत पसरून एकेक मोजून मांडला. फळ्या भरल्या, तेव्हा निम्मी गाडी अजून दारात होती. मग बाक घेतला, ट्रंका घेतल्या, शिलाईचे मशीन, जेवणाचे टेबल आणि शेवटी खुर्च्या. मामी दोन दिवस उभ्याने जेवते आहे. पहिल्या दिवशी तिने मला "या भोपळ्यांपेक्षा तुझ्या मामाला मी बरी, निदान मला निजायला गवत लागत नाही" असे ऐकवले, पण काल स्वतःच खिडकीतला भोपळा उन्हाकडे वळवताना दिसली. पैलवान भाडे न्यायला आले, तर त्यांनाही उभेच राहावे लागले. घरभर नजर फिरवून म्हणाले, "अहो, बोटभर फट पुरते. वीतभर कशाला? मधून फिरायला जायचेत का ते?" हे त्यांनी आधी सांगितले असते तर! आता पुन्हा मांडायचे म्हटले तर कंबर नाही म्हणते.

असो. एकही भोपळा सडलेला नाही, हे मी रोज दोनदा हात लावून पाहतो. शेताचे काय ठरवलेत ते कळवावे.

आपला आज्ञाधारक
भाचा

ता. क. तुम्ही गुरुवारी येणार असे ताई म्हणाली. आनंद झाला. फक्त तुमच्या खाटेवर सध्या थोरला आहे. (बियाण्याचा, म्हणून त्याला सगळ्यांत चांगली जागा दिली. खाली तुमची घोंगडी आहे.) व्यापारी बाकीचे भोपळे पुढच्या आठवड्यात नेणार आहे. तेव्हा ताईकडे आणखी आठ दिवस राहता आले तर डोळ्यालाही बरेच.

ता. क. २ : वरचे मामीला वाचून दाखवले. ती म्हणते, "आठ नको, पंधरा लिही. हा घोरत तरी नाही."