फीड किती, दादाला सहज विचारा

ती. सौ. वहिनींस,

धाकट्या दिराचा नमस्कार. गुडघा आता जिना चढू देतो का? माझी प्रकृती उत्तम आहे, भुवया तेवढ्या परत यायच्या आहेत.

घाबरू नका. संध्याकाळी एकट्याने करायचं काय, म्हणून (ही गेल्यापासून संध्याकाळ फार लांबते) मी संगणकाच्या हुकमावर लाकूड कोरणारं सीएनसी राउटर यंत्र घेतलं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्यावरूनच दादा म्हणाला होता, "तुला साधा खिळा ठोकता येत नाही," आणि मी म्हणालो होतो, "मग शिकवायला येऊ नकोस." तो शब्दाचा पक्का. अकरा महिने झाले, आला नाही, फोनही नाही.

तर परवा बुद्धिबळाचा पट कोरायला घेतला. (हल्ली दोन्ही बाजूंनी मीच खेळतो, तरी हरतो.) भित्र्या माणसाला वाटतं, हळू चालवलं की धोका नाही. म्हणून पातं मिनिटाला अठरा हजार फेरे घेत असताना त्याचा लाकडातून पुढे सरकायचा वेग, म्हणजे फीड, मी अगदी गोगलगायीचा ठेवला. पातं कापायचं सोडून जागच्या जागी घासत बसलं. ढलप्यांऐवजी पीठ पडू लागलं, मग धूर निघाला, आणि मी वाकून बघायला नि भुसा पेटायला एकच गाठ पडली. खालच्या मजल्यावरची नर्स बादली घेऊन धावत आली. आग एका बादलीत विझली, पण तिने आणखी थोडं बसावं म्हणून मी पंधरा मिनिटं उगाच खोकत राहिलो. मग तिची ड्युटीची वेळ झाली.

दादाने उभा जन्म कारखान्यात हेच केलं. त्याला (माझं नाव न घेता) सहज विचारा, फीड काढायचा कसा? माझं गणित सोबतच्या कागदावर आहे. तो त्याच्या चष्म्याजवळ कुठेतरी राहू द्या.

आपला,
दहाही बोटं शाबूत असलेला दीर

ता. क. सूत्र मला पाठ झालंय: फेरे गुणिले पात्याच्या धारा गुणिले दर धारेने काढायच्या ढलपीची जाडी. अठरा हजार फेरे, दोन धारा, एक दशांश मिलिमीटर. म्हणजे मिनिटाला छत्तीसशे मिलिमीटर. काल पट पुरा झाला, कुठे डाग नाही.

आणखी एक ता. क. हे पान त्याला दाखवू नका. सोबतच्या कागदावर दोन धारांच्या जागी मी मुद्दाम चार लिहिल्यात. तसं चालवलं तर पातं मोडेल, हे त्याला बघताक्षणी कळेल. चुकीचं गणित दिसलं की दादाला ओरडल्याशिवाय राहवत नाही. माझा नंबर तोच आहे. नुसतं ओरडायला फोन केला तरी चालेल.