शनिवारचा ढणढणाट

वारजे, पुणे
रविवार सकाळ

श्री. हिंमतराव यांना श्यामसुंदरचा मनापासून नमस्कार.

अकोल्याचं ऊन यंदा लवकर तापलं असं वर्तमानपत्रात वाचलं. आपला गुडघा, अवजारांचं दुकान आणि दुकानासमोरचा कडुनिंब ही तिन्ही ठीक असतील अशी आशा करतो. इकडे सौ. सुनीती बरी आहे. माझं ब्लडप्रेशर होतं तिथेच आहे. अभिनव ऑफिसला जातो आणि परत येतो, त्यापलीकडे त्याच्याविषयी लिहिण्यासारखं काही नाही. (तो आपला जावई आहे, म्हणून हे सौम्य शब्दांत लिहिलं.) गेलं दीड वर्ष आपण आमच्यापैकी कोणाचाच फोन उचलत नाही, तेव्हा पत्र लिहितो आहे. पत्र मधेच कापता येत नाही. फाडता येतं, पण फाडण्याआधी माणूस ते एकदा वाचतो, असा मुख्याध्यापक म्हणून माझा अनुभव आहे.

आधी सूनबाई प्रियदर्शनीच्या तब्येतीचं सांगतो, आणि ते वाचताना आपण बसलेले असावेत अशी विनंती आहे. तिच्या स्वरतंतूंवर बारीक गाठी आल्या होत्या. त्या काढल्या, तपासायला पाठवल्या, आणि वाईट काही निघालं नाही. दिवसभर खराडीच्या ऑफिसात परदेशातल्या लोकांशी फोनवर बोलायचं आणि शनिवारी रेडिओवर बोलायचं, तेव्हा घशाने एक दिवस काम सोडलं इतकंच. डॉक्टरांनी काही आठवडे पूर्ण मौन सांगितलं आहे. कुजबुजायचंसुद्धा नाही, कारण कुजबुजण्याने घसा जास्त दुखावतो म्हणे. (हाच उपचार यांनाही चालेल का, असं सुनीतीने डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर हसले. मी हसलो नाही.) त्यामुळे सध्या ती एक छोटी पांढरी पाटी गळ्यात अडकवून घरात वावरते, लागेल ते लिहून दाखवते आणि बाहीने पुसते. तिच्या सगळ्या कुडत्यांच्या उजव्या बाह्या काळ्या झाल्या आहेत.

आता रेडिओ. या विषयाचा आपल्याला राग आहे हे मला माहीत आहे, आणि तरी मी त्यावरच लिहिणार आहे. एका कॉलेजच्या आवारात छोटं केंद्र आहे, तिथे आपली मुलगी दर शनिवारी संध्याकाळी तासभर इंग्रजी गाणी लावते. मी हा कार्यक्रम कधी ऐकला नव्हता. त्या वेळी मी फिरायला जात असे, आणि फिरायची वेळ मी मुद्दामच तशी ठेवली होती. मौन सुरू झालं तेव्हा केंद्रप्रमुख चैतालीबाईंनी कळवलं, की कार्यक्रम लागोपाठ बंद राहिला तर ती वेळ दुसऱ्याला द्यावी लागेल. राशिभविष्य सांगणारे एक गृहस्थ त्या वेळेसाठी केव्हाचे थांबले होते. पहिल्यांदा अभिनवला पाठवलं. त्याने माईकसमोर बसून स्वतःचं नाव सांगितलं, आणि पुढे काय सांगायचं ते त्याला आठवेना. मग सुनीती मला म्हणाली, "तुम्ही जा. आवाज चांगला आहे तुमचा. विषय वाईट असतात, ते ती देईल."

मला वाटलं होतं, सूनबाई गाणी निवडतील आणि मी नावं वाचेन. पण तिने पाटीवर लिहिलं, "जो बोलणार त्यानेच निवडायची. न आवडलेल्या गाण्याविषयी बोललं की ऐकणाऱ्याला कळतं." मी म्हटलं, मला एकही आवडणार नाही. तिने लिहिलं, "मग कमी न आवडलेली निवडा." हिंमतराव, मुक्या माणसाशी वाद घालून पाहा. आपण दहा वाक्यं बोलतो, समोरून तीन शब्द येतात, आणि तेही पुसले जातात. नंतर पुरावा म्हणून दाखवायला काही उरत नाही.

तर जेवणाच्या टेबलावर मी कानाला हेडफोन लावून बसू लागलो. या गाण्यांच्या दोन जाती आहेत. एकीला पॉवर पॉप म्हणतात. चाल भावगीतासारखी गोड, मागे तीन-चार जणांचा सूर, आणि त्यावर गिटारी अशा की वरच्या मजल्यावर ड्रिल मशीन चालू असावं. दुसरी जात गॅरेज रॉक. स्टुडिओ परवडत नाही म्हणून मुलं गाडी ठेवायच्या खोलीत जमतात आणि तिथेच गातात. यांना गाता येत नाही, वाजवताही येत नाही, पण थांबावं असं कोणी त्यांना सांगितलेलं नसतं. मंडळांची नावं तर काय सांगू. एकाच्या नावाचा अर्थ 'ओल्या छत्र्या' होतो, एकाचा 'उदास शिंपी'. गाणं साधारण तीन मिनिटांत संपतं. (हा गुण आपल्या काही गवयांनी घेण्यासारखा आहे.) विषय एकच. मुलगी निघून गेली, किंवा जाणार आहे, किंवा आलीच नाही. मी विचारलं, दुःख एवढं आहे तर लय इतकी द्रुत कशाला? तिने जरा विचार करून लिहिलं, "रडू आलं की काही जण चालायला लागतात. हे पळतात." त्या दिवसापासून मी ऐकू लागलो. आवडू लागलं असं मी म्हणत नाही.

पहिल्या शनिवारी जे झालं ते लपवण्यात अर्थ नाही, कारण ते पुण्यात बऱ्याच जणांनी ऐकलं. मी कोट घालून गेलो. (रेडिओवर कोट दिसत नाही हे मला माहीत होतं. पण कोटाशिवाय मला भाषण येत नाही.) प्रियदर्शनी काचेपलीकडे बसून यंत्र सांभाळत होती. मी सुरुवात केली, "श्रोतेहो, आता जे होणार आहे ते फार वेळ चालणार नाही, तरी धीर धरावा." पहिली दोन गाणी सुरळीत पार पडली. तिसरं गाणं ऐन भरात असताना एकाएकी थांबलं. शांतता पसरली. मला वाटलं, संपलं. मी माझ्या बाजूचा माईक चालू केला आणि आभारप्रदर्शनाला लागलो. वादक मंडळींनी मनापासून कष्ट घेतले, त्यांच्या पालकांनीही बरंच सोसलं असेल, इथपर्यंत आलो आणि गायक पुन्हा ओरडत परत आला. ते गाणं मधे थांबून पुन्हा सुरू होतं, अशीच त्याची रचना आहे म्हणे. मग मी आणि तो, दोघंही थोडा वेळ एकदमच बोलत होतो. मी थांबलो नाही, कारण सुरू केलेलं आभारप्रदर्शन अर्धवट सोडायचं नाही असा आमच्या शाळेचा दंडक होता. काचेपलीकडे आपली मुलगी टेबलावर डोकं ठेवून हलत होती. रडते आहे या समजुतीने मी घाबरलो. ती हसत होती, हिंमतराव. आवाज न काढता हसायचं कसं हे तिला जमत नव्हतं, म्हणून तोंडात ओढणी कोंबली होती. आमच्या घरात मी तिला असं हसताना फार दिवसांनी पाहिलं.

लोकांना वाटलं, हे सगळं ठरवून केलं आहे. चैतालीबाईंकडे फोन आले. विश्रांतवाडीच्या राकेश नावाच्या मेकॅनिकने विचारलं, की गॅरेजच्या गाण्यांचा कार्यक्रम आहे तर मधे क्लचप्लेटविषयी दोन शब्द सांगता येतील का. मी त्यांना खरी परिस्थिती समजावून सांगितली. तेव्हापासून ते दर आठवड्याला ऐकतात, आणि गाणं आवडलं नाही तर फोन करून सांगतात. त्यांचं आणि माझं मत बहुतेक वेळा जुळतं.

आता मी मूळ गोष्टीकडे येतो. परवा गाणी निवडत असताना तिने एक गाणं लावलं आणि लगेच बंद करून पुढचं लावलं. मी म्हटलं, मागचं लाव. तिने मान हलवली. मी हटून बसलो (हे मला जमतं), तेव्हा तिने ते लावलं आणि स्वतः उठून ओट्यापाशी जाऊन उभी राहिली. गाणं अगदी साधं होतं. एक मुलगा बेसूर गातो आहे, कोणाला तरी म्हणतो आहे की दिवा चालू ठेव, मी येतो. मी विचारलं, यात लपवण्यासारखं काय आहे? मग तिने लिहायला घेतलं. पाटी भरली, पुसली, पुन्हा भरली. ते मी जसं वाचलं तसं आपल्याला सांगतो.

तिची आई, द्वारकाबाई, शेवटी अकोल्याच्या दवाखान्यात होत्या, तेव्हा आपण घरी जेवायला जात असा. शनिवारी तेवढ्या वेळात त्या मोबाइलवर, इंटरनेटवरून, मुलीचा कार्यक्रम ऐकायच्या. आपल्याला सांगितलं नाही, कारण आपल्याला हा ढणढणाट आवडत नाही हे त्यांना माहीत होतं. हे गाणं ऐकून त्या म्हणाल्या होत्या, "या पोट्ट्याले गाता येत नाई, पन जीव लावून बोंबलते." ते त्यांनी अनेकदा लावून घेतलं. आणि शेवटच्या भेटीत मुलीला म्हणाल्या, "माह्यासाठी शनवार चुकवजो नोको. मी ऐकत असन."

द्वारकाबाई गेल्या. दहावाही झाला नव्हता, आणि शनिवारी मुलगी रेडिओवर गाणी लावते आहे, हे आपल्याला कोणीतरी सांगितलं. आपण फोनवर तिला जे बोललात ते मी इथे लिहीत नाही. त्या तासात तिने हे गाणं लावलं होतं. आईचं नाव घ्यायचं ठरवून ती बसली होती, पण आवाज फुटला नाही म्हणून नुसतंच लावलं. आपला फोन आला तेव्हाही आवाज फुटला नाही. आपण त्याला उद्धटपणा समजलात. मी या घरात रोज तिच्यासमोर जेवतो, आणि मलाही हे दीड वर्षात ठाऊक नव्हतं. आमच्याकडे कोणी विचारत नाही. आम्ही त्याला शिस्त म्हणतो.

काल मी ते गाणं लावलं. त्याआधी मी काय बोलणार, हे तिला सांगितलं नव्हतं. मी एवढंच म्हणालो, "पुढचं गाणं अकोल्याच्या द्वारकाबाईंच्या आवडीचं आहे. त्या आता नाहीत. त्यांनी आपल्या मुलीला शनिवार चुकवू नको असं सांगितलं होतं, आणि मुलीने तो चुकवला नाही." आणखीही वाक्यं तयार होती. ती मी बोललो नाही. नोकरीच्या सगळ्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं असावं. काचेपलीकडे ती सरळ बसली होती, हात बटणांवर, आणि गाणं संपेपर्यंत तिने मान वर केली नाही. राकेशरावांचाही फोन आला नाही.

परतताना रिक्षात ती गप्पच होती, म्हणजे पाटीसुद्धा गप्प होती. वारज्याच्या पुलाजवळ ती अगदी हळू कुजबुजली, "बाबांनी ऐकलं असेल का?" ती मलाही बाबाच म्हणते, त्यामुळे मी म्हणालो, अगं, मी तर तिथेच बसलो होतो. मग माझ्या लक्षात आलं. मी तिला रागावलो, डॉक्टरांनी कुजबुजायला मनाई केली आहे म्हणून. उत्तर मात्र माझ्यापाशी नव्हतं. ते मिळावं म्हणून हा कागद.

वाढत्या उन्हात दुपारी दुकानात बसू नका. सुनीतीचा नमस्कार. पत्र लांबलं, त्याबद्दल क्षमा मागत नाही.

आपला व्याही,
श्यामसुंदर

ता. क. : हे पत्र केवळ तब्येतीची खबर देण्यासाठी लिहिलं होतं. परंतु लिहीत असताना सुचलं, की तिचं मौन संपायला अजून काही दिवस आहेत. या काळात आपण फोन केलात तर ती उलट उत्तर देऊ शकत नाही, कारणं सांगू शकत नाही, वाद घालू शकत नाही. मुलीच्या बापाला अशी संधी पुन्हा मिळत नाही. रात्री जेवणानंतर फोन तिच्याजवळच असतो.

दुसरा ता. क. : वर मी या गाण्यांविषयी जे लिहिलं ते प्रियदर्शनीला कळवू नये. विशेषतः 'उदास शिंपी' यांच्याविषयी. तिचा आवाज आल्यावरही मी अर्धा तास चालू ठेवावा असं चैतालीबाईंनी विचारलं. मी नाही म्हणालो. त्यांनी पुन्हा विचारावं म्हणून काल तिथे जरा रेंगाळलो होतो.

तिसरा ता. क. : फोन लावल्यावर काय बोलावं हे सुचलं नाही, तर काही बोलू नका. दोन्हीकडून कोणी बोललं नाही तरी फोन चालू राहतो, हे मी अभिनवला विचारून घेतलं आहे.