एकेचाळीस आराखडे आणि एक ओला मफलर

विंडरमिअर,
मंगळवार, २१ मे १९६८

ती. म्युरिएलताईस सेप्टिमसचा सप्रेम नमस्कार.

तुझा गुडघा आता कसा आहे? लँकेस्टरची हवा त्याला मानवत नाही असं तू लिहितेस, पण इथलीही मानवत नव्हती, तेव्हा दोष हवेचा नसावा. नोरा मजेत आहे. (मुख्य म्हणजे माझ्याशी बोलते आहे.) आणि ताई, बोट तरंगली! नुसती तरंगली नाही, सहा माणसं पोटात घेऊन वाफेवर चालली!

गेल्या नाताळात पुडिंग वाढता वाढता तू म्हणाली होतीस, की माझी बोट या जन्मी काही जेवणाच्या टेबलावरून खाली उतरायची नाही. तुझंही चुकलं नव्हतं. नऊ वर्षं टेबलावर आराखडे आणि आमच्या ताटल्या मांडीवर! एकूण एकेचाळीस आराखडे झाले. त्यातले निम्मे एकट्या वजनापायी. प्रवासी बोट म्हटली की प्रवाशांची वजनं आली. मी गावात सगळ्यांना सभ्यपणे विचारलं. पण चर्चमधल्या बायकांनी सांगितलेले आकडे खरे धरले असते, तर बोट पाण्यावर टेकलीच नसती, वाऱ्याने उडून गेली असती. शेवटी प्रत्येक आकड्यात गुपचूप तीस पौंड मिळवले. (नोराच्या आकड्यात दहाच. हिशेब बरोबर यायला हवा होता, पण मला जगायचंही होतं.) त्या नऊतली शेवटची दोन वर्षं खपून परसातल्या शेडमध्ये बोट बांधली, तरी आराखडे टेबलावरच. मार्चमध्ये नोराने बजावलं, "मेअखेर ती पाण्यात गेली नाही, तर टेबल विकून टाकीन. वरच्या कागदांसकट."

त्यात सासूबाई. ॲग्नेसबाईंना आता शहाऐंशीवं लागलं. हिवाळ्यातल्या दुखण्यानंतर डॉक्टरांनी त्यांना खुर्चीतून हलायची बंदी केली होती. त्यांचे वडील गिरणीमालकाच्या वाफेच्या बोटीवर भट्टी सांभाळायचे, त्यामुळे त्यांचं लहानपण सगळं धुरात गेलं. त्या म्हणाल्या, "मला एकदा वाफेवर तळं ओलांडून दे, सेप्टिमस. मग मेले तरी चालेल." हे ऐकून नोराने माझ्याकडे असं पाहिलं, की आई बोटीत गेली तर बोट मलाही पुढच्या प्रवासाला नेणार, हे मला स्वच्छ कळलं.

तर परवाच्या शनिवारी निघालो. सासूबाई दोन घोंगड्यांत गुंडाळलेल्या. मागे तो सिरिल थॉर्नबर, पेट्रोलच्या बोटी भाड्याने देणारा, आपली पांढरीशुभ्र बोट घेऊन हजर. "दोर आणलाय हं, सेप्टिमस! लाजू नकोस, नुसती हाक मार!" असं सारखं ओरडत होता. अर्धं तळं झोकात पार केलं आणि बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचनळीकडे माझं लक्ष गेलं. पाणी झरझर खाली चाललेलं! आत पाणी ढकलणारा पंप नुसता थुंकत होता. पाणी संपलं की भट्टी विझवायची आणि सिरिलच्या दोराला लटकून घरी यायचं, दुसरा मार्ग नाही. मी घाईघाईने सदतिसावा आराखडा उलगडला, तर तो वाऱ्याने नेला. सिरिल दोराचं वेटोळं सोडवायलाही लागला.

"अरे, पंप तापलाय तो!" घोंगड्यांतून आवाज आला. सासूबाईंनी गळ्यातला लोकरी मफलर ओढून काढला, तळ्यात बुचकळला आणि माझ्या अंगावर फेकला. "गुंडाळ त्याला. बाबा असंच करायचे. आणि तो कागद शोधणं थांबव."

गुंडाळला. चर्रर्र झालं आणि नळीतलं पाणी चढायला लागलं. माझ्या एकेचाळीस आराखड्यांत ओल्या मफलरचा उल्लेख कुठेही नाही, ताई! मग सासूबाईंनी स्वतः उठून (डॉक्टरांना कळवू नकोस) शिट्टीची दोरी अशी ओढली, की सिरिलचा चहा त्याच्या पांढऱ्या विजारीवर सांडला. सासूबाईंच्या गालांवरून पाणी वाहत होतं. म्हणाल्या, काजळी गेली डोळ्यात. काजळी त्या वेळी उलट्या दिशेला चालली होती.

त्यांनी हट्टाने आणखी एक फेरी मारायला लावली. धक्क्यावर अख्खं गाव टाळ्या वाजवत होतं. सिरिलनेही वाजवल्या, बसून. रविवारी नऊ वर्षांनी आम्ही टेबलावर जेवलो. नोराने मटणाचा मोठा तुकडा न मागता मला वाढला.

गुडघ्याला जप.

तुझा विजयी धाकटा भाऊ,
सेप्टिमस

ता. क. : त्या दुसऱ्या फेरीत कोळसा मध्येच संपला, हे लिहायचं राहिलं. सुदैवाने समोरच तुझ्या बंद घराचा धक्का होता. त्यावरचा लाकडी बाक आता तिथे नाही. सागवान होतं ना? असा जाळ मी जन्मात पाहिला नाही. हॅरल्डभावोजींची पारख अस्सल होती, देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो.

पुन्हा ता. क. : मागच्या बागेत तसाच दुसरा बाक आहे, असं सासूबाईंनी हेरलं आहे. येत्या रविवारी चर्चच्या मंडळींना फेरी मारून आणायचं मी कबूल करून बसलोय. तेव्हा उलट टपाली होकार कळव. (सासूबाई म्हणतात, विचारत काय बसलास, कुऱ्हाड आण.)