आधी केलेलं काम

मंगळवार, दिवेलागण

आज दुष्काळी कामावर माझी हजेरी लागली. नवा लातूर जिल्हा झाल्यापासून गावात हे पहिलंच काम. मला खडी फोडायची न्हाई. बाया खडी फोडतात तोवर त्यांची लेकरं लिंबाखाली सांभाळायची. मुकादमानं विचारलं, "असं सांभाळायचं काम आधी केलंय का?" मी पटकन म्हणाले, "न्हाई."

न्हाई कसं? माझी सुशी सोळा वर्षांची झाली. तिला जन्मापासून बसता येत न्हाई. मीच उचलते, मीच भरवते. तिलाही लिंबाखाली आणू का म्हणलं, तर मुकादम म्हणाला, "वैनी, ती तुमच्या घरची. तिला सांभाळायची हजेरी कशी लावू?" चांगलं बोलला, रागानं न्हाई. खरं असंल का त्याचं? मग शेजारच्या कलाबाईनं माझी सुशी सांभाळली आन् मी तिचं बाळ, तर दोघींचीही हजेरी लागंल?

सुशी दिवसभर सासूबाईंपाशी होती. एक घास घेतला न्हाई. मी आले, तेव्हा माझ्या हातनं जेवली. तिचं तोंड पुसताना ते 'न्हाई' परत आठवलं.

हिनं ऐकलं न्हाई, तेवढं बरं झालं.