नंबर प्लेट कापलेला फोटो

३ मार्च, मंगळवार

जिंकले! पंडित तोंडघशी पडला!

गाड्या ओळखायच्या आमच्या ग्रुपवर हा गृहस्थ किती दिवस नुसतं तोंड वाजवत होता. मागच्या दिव्याच्या तुकड्याचा फोटो टाकून म्हणे, “ही शिंपली. आता फक्त फोटोतच उरलीय.” शिंपली म्हणजे ती बुटकी, दोनच माणसांची गाडी — कारखाना दुसऱ्या वर्षीच बंद पडला ती. मी लिहिलं, उरलीय, चांगली धडधाकट आहे. “पुरावा?” म्हणाला. डोकंच फिरलं माझं. टाकला फोटो!

नंबर प्लेट कापली. मागची भिंत, झाड, सगळं कापलं. नुसती गाडी ठेवली. इतकी काही बावळट नाही मी.

४ मार्च

दिवसभर एक्स-रे. गुडघे, गुडघे, एक छाती, पुन्हा गुडघे. शेवटी एका बाईचं मनगट. “जिन्यावरून पडले,” म्हणाली. ताईही हेच म्हणायची. तिच्या मनगटाचे एक्स-रे मीच काढलेत, दोन्ही वेळचे.

तिच्या नवऱ्याला मी आता दाजी म्हणत नाही. नुसता ‘तो’. आज पुन्हा दवाखान्याच्या फाटकाशी उभा. हसून म्हणतो, “तिला सांग, घरी ये म्हणावं. मी काय खातोय का तिला?” त्याचं ते हसणंच नको वाटतं. ताई कुठे राहते ते फक्त मला ठाऊक. बाबांनाही सांगितलेलं नाही.

६ मार्च

बाबाही ग्रुपवर आहेत. भिंग घेऊन माझ्या फोटोवर डोळे लावून बसले होते. हा छंद मूळचा त्यांचा. लहानपणी माझे डोळे झाकून नुसत्या आवाजावरून गाडी ओळखायला लावायचे. ताई जांभया द्यायची. तिने आयुष्यात एकाच गाडीचं बारसं केलं — आमच्या पांढऱ्या गाडीचं. ड्रायव्हरशेजारचं दार भंगारातून आणून बसवलेलं, पोपटी. म्हणून ‘ठिगळ’.

“कुठे काढलास गं हा फोटो?”

“मी नाही काढला. कोणीतरी पाठवला.”

“थापा नको मारूस. चाकाच्या टोपीत तुझी स्कूटर दिसतेय. चकचकीत टोपीत सगळं दिसतं, काढणाऱ्याचं पितळ तिथेच उघडं पडतं. किती वेळा शिकवलंय तुला!” मग भिंग पुसत म्हणाले, “आपल्याकडे शिंपली एकच आली. एका घड्याळवाल्याने घेतली होती. विचारलं तर पत्ता मिळेल.”

हातातला चहा तसाच राहिला. गाढव मी, गाढव! नंबर प्लेट कापून काय साधलं? ती अख्खी गाडीच नंबर प्लेट आहे. घड्याळवाल्याच्या दारात उभी असते ती — आणि समोरच्या माडीवर ताई राहते.

फोटो काढून टाकला. पण व्हायचं ते होऊन गेलं.

७ मार्च

ग्रुपवर एक नवा आलाय. चेहरा नाही, नाव नाही. पहिलाच प्रश्न — “शिंपली कुठल्या गावात आहे?”

तोच. तोच असणार! ताईला फोन केला, म्हटलं, जागा बदल. म्हणाली, “आत्ता कुठे पडदे शिवलेत गं. किती पळू?” मला रडूच फुटलं. शेवटी तीच मला समजावत बसली. गुरुवारी तिला सुट्टी आहे, तेव्हा मैत्रिणीकडे हलेल.

९ मार्च

नवा प्राणी पंडितचा भाचा निघाला. हुश्श!

पण संध्याकाळी बाबा गच्चीवर फोनवर हळू आवाजात बोलत होते. “हो जावईबापू... बघतो ना...” मी फोन हातातून घेतला आणि बंद केला.

“अगं, रडतो तो. दोघांना एकदा समोरासमोर बसवलं तर—”

“बाबा, मी तिची मोडलेली हाडं पाहिलीत! तुम्ही नुसतं त्याचं रडणं ऐकताय!”

म्हणाले, “बरं बाई, तुझंच खरं. मला तरी कुठे माहितीय ती कुठे आहे?” फार बोलले मी. बाबा जेवलेही नाहीत नीट. पण दर रविवारी मी कुठे जाते, हे त्यांनी आजवर कधी विचारलं नाही. आजही नाही.

१० मार्च

परवा ताई हलणार. एवढा उद्याचा दिवस नीट जाऊ दे.

११ मार्च

बाबा सकाळीच ठिगळ घेऊन बाहेर पडले. “गॅरेजला टाकतो, ब्रेक नीट लागत नाहीत.” मी कामावर गेले.

टॅक्सीत लिहितेय. हाताला काहीतरी हवं म्हणून. पोलिसांना कळवलंय. ताईचा फोन नुसता वाजतोय.

मघाशी बाबांनी ग्रुपवर फोटो टाकला. शिंपली! खाली लिहिलंय, “अखेर डोळ्यांनी पाहिली.” राहवलं नाही त्यांना. मला तरी कुठे राहवलं होतं?

चाकाची टोपी मोठी करून पाहिली. पांढरी गाडी. पोपटी दार, ड्रायव्हरशेजारचं, सताड उघडं. सीटवर कोणी नाही.