धाकट्या सम्राटाचा चेहरा

सार्डिस, ४ मार्च

चि. झेनोन यास लिओन्तिओसचे अनेक आशीर्वाद. परमेश्वरकृपेने येथे क्षेम, तुझे कळवावे. वि. वि.

थोरल्या सम्राटांनी सख्ख्या भावास मारल्यापासून धाकट्याचे नाव घेणेही गुन्हा ठरले आहे. बाजारात जो तो दोघांचे चेहरे असलेल्या काशाच्या नाण्यांवरून धाकट्याचा चेहरा छिन्नीने खरवडतो आहे. शेजारचा भट्टीवाला म्हणाला की, दोघे बोकडांसारखे समोरासमोर होते, आता उरलेला झुंजणार कोणाशी? मी त्यास गप्प केले.

तू कोरलेल्या ठशाचे पहिले नाणे मात्र मजजवळ अखंड आहे. आपल्या शास्त्रात निषिद्ध असलेल्या मूर्ती कोरू लागलास म्हणून मीच तुझ्याशी तीन वर्षे अबोला धरला होता. आज प्रार्थनागृहाचा प्रमुख असून मीच मूर्ती बाळगतो आहे. पण आईने ते नाणे मुठीत धरून प्राण सोडला. त्यावर छिन्नी चालवणे मजकडून होत नाही. सातूच्या रांजणात तळाशी आहे. तुझ्यावाचून कोणास ठाऊक नाही.

प्रकृतीस जपावे, म्हाताऱ्यावर माया राहू द्यावी.

पेर्गामॉन, १९ मार्च

ती. दादांस झेनोनचा शि. सा. न.

पत्र पावले. जन्मभर मूर्तींवरून मला झोडपलेत, आणि आता सम्राटच रांजणात घालून बसलात! वहिनीने ते ताटात वाढले नाहीत म्हणजे मिळवली. नाणे हलवू नये.

येथे टांकसाळीत चौकशी चालू आहे. ज्यांनी तो चेहरा कोरला, त्यांनी निष्ठा सिद्ध करावी, नाहीतर खाणीत जावे, असा हुकूम आहे. मी मार्ग काढीन.

वहिनीस नमस्कार. आशीर्वाद असावा, नेहमीपेक्षा थोडा अधिक.

सार्डिस, बंदिशाळा, ११ एप्रिल

झेनोन यास.

शिपाई आले ते सरळ रांजणाकडे गेले. सातू अंगणात ओतला. तुझी वहिनी तो वेचीत राहिली.

न्यायाधिकाऱ्याने माझेच पत्र माझ्यापुढे धरले. तुझे नाव आणि तुझ्या ठशाच्या ओळी तेवढ्या कापलेल्या होत्या. तुला भय वाटले असते, तर मी समजून घेतले असते. भयाने हात थरथरतो. या कडा सरळ होत्या.

तो म्हणाला की, टांकसाळीतल्या झेनोनने हे पत्र वाटेत सापडले म्हणून दिले, त्याची जागा कायम झाली आहे. पण तो तुझा भाऊ असेल, तर तुझ्याबरोबर त्यालाही खाणीत धाडीन.

साठ वर्षांत मी खोटे बोललो नव्हतो. मला भाऊ नाही, असे मी सांगितले. शपथ मागितली, तीही शास्त्रावर हात ठेवून घेतली. त्याने ती मान्य केली.

उद्या मला नेतील. हे पत्र तुझी वहिनी स्वतः आणील. वाचून जाळावे, आणि तिला दारातून परत पाठवू नये.

खाली तुझा कोण म्हणून सही करावी, हे ठरवता येत नाही. तशीच सोडतो.