मधली नळी

ता. ३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आजीचे आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मी चौथीत शाळा सोडली तरी माझ्या ओळी सरळ जातात, आणि तू एवढी शिकून, घरोघर लोकांचं रक्त तपासणीला गोळा करत हिंडतेस, तुला एक ओळ धड येऊ नये? फोन का करत नाही, असं विचारलंस. फोन तुझ्या आईच्या हातात, आणि मला ऐकू येतं अर्धं. म्हणजे आपलं बोलणं घराला पुरतं कळणार आणि मला निम्मं. पत्रच बरं.

मी डोळे दाखवायला गेले तेवढ्यात तुम्ही बापलेकींनी आजोबांची गाडी टेम्पोत घातलीत. नेलीत ती नेलीत. हे गेल्यापासून दोन वर्षं ती जिन्याखाली उभी होती आणि मी तिच्यावर फडकी वाळत घालायची. आता दोरी बांधली.

पुढचं चाक घुरघुरतं म्हणतेस. बेअरिंग गेली असतील. गॅरेजात दे. तुझे आजोबा डेपोत चौतीस वर्षं फिटर होते, त्यांचं घरी बसून करणं वेगळं. तू सुया टोचणारी.

तरी ते कसं करायचे असं विचारलंस, म्हणून सांगते. खाली बसायचे, पुढ्यात जुनं वर्तमानपत्र. चाकातून जे जसं निघेल तसं ओळीने कागदावर मांडायचे. मी एकेक उचलून घासलेटात धुवायची, पुसायची आणि उचललं तिथेच परत ठेवायची. मग हे कागदाच्या दुसऱ्या टोकाकडून बसवत यायचे. बघायचेसुद्धा नाहीत, नुसता हात पुढे करायचे. नवी बेअरिंग आदल्या दिवशी बर्फाच्या कप्प्यात, थंडीने आक्रसतात म्हणून. लहानपणी तुझ्या बापाने एकदा खाऊ समजून ती पुडी उघडली आणि दिवसभर तोंड पाडून बसला. ठोकायचं ते बाहेरच्या कड्यावर. आतल्या कड्यावर घाव बसला की नवं बेअरिंग तिथेच जुनं झालं.

पण तू गॅरेजातच दे. माझे गुडघे आहेत तसेच आहेत. लोभ आहे, तो लिहून वाढत नाही.

तुझी आजी

ता. ८ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न. वि. वि. बघ, तुझ्यासाठी रेघांचा कागद घेतला आहे.

गॅरेजात देणार नाही. आजोबांनी या गाडीला परक्याचा हात लावू दिला नव्हता. आजोबा पडले तेव्हा वाकलेला पुढचा भाग तेवढा मी गाडी आणल्याबरोबर सरळ करून घेतला. तो माणूस म्हणाला, एक्सल भलताच आवळलेला होता, चाक फिरेचना. त्याने तो सैल केला. आता फिरतं, पण डुगडुगतं. दिवसाला वीस-पंचवीस घरं होतात माझी, आणि पुलाच्या उतारावर हँडल हातात थरथरतं.

नवी बेअरिंग आणली आहेत. दुकानदाराने विचारलं, मधली नळी शाबूत आहे ना? एक्सल काढून आत बोट घातलं तर दोन बेअरिंगच्या मधे नुसती पोकळी. मी त्याला म्हटलं, हे चाक माझ्या आजोबांनी बसवलं आहे, त्यांनी नळी घातली नसेल तर लागत नसेल. मीही तसंच बसवणार, सतरा तारखेला, सुट्टी आहे. फक्त एक्सल किती आवळायचा ते सांग.

बाबा अजून म्हणतात, त्या वयात गाडी चालवायलाच नको होती, चक्कर येणारच. मला ते ऐकवत नाही. कागद संपला, माया शिल्लक आहे.

तुझी भिंगरी

ता. १२ फेब्रुवारी

भिंगरे, आशीर्वाद. पुडकं येईपर्यंत गाडी काढू नकोस, एवढं तुझ्या आईला फोनवर सांगायला लावलं. बाकीचं इथे लिहिते.

पुडक्यात लोखंडी नळी आहे. ती त्याच चाकातली. ती मधे नसली की एक्सल आवळताना दोन्ही बेअरिंग एकमेकांकडे दाबली जातात आणि चाक धरतं, फिरेनासं होतं. हे मला ह्यांनीच सांगितलं होतं, दुसऱ्या कुणाच्या गाडीबद्दल.

ह्यांनी ते चाक शेवटचं उघडलं, त्या दिवशी नळी मी धुतली. आत घासलेट राहिलं होतं म्हणून निथळायला खिडकीत, पडद्यामागे उभी केली. तेवढ्यात दूध उतू गेलं. शेगडी पुसली, ओटा पुसला, आणि पुढच्या वस्तू धुवायला बसले. ह्यांचं डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. कागदावर होतं ते सगळं त्यांनी बसवलं. नव्हतं ते विचारलं नाही. बेचाळीस वर्षांत माझ्या हातून एक वायसर इकडचा तिकडे झाला नव्हता.

पाच दिवस चाक ओरडत होतं. हे म्हणाले, बेअरिंगच फसवी मिळाली, रविवारी बदलू. सहाव्या दिवशी वळणावर चाक अडकलं. चक्कर कसली? सकाळी दोन कप चहा पिऊन, भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून मला टोमणा मारून गेला होता माणूस.

दुखवट्याला येणारीजाणारी माणसं थांबल्यावर मी पडदे धुवायला काढले. नळी तिथेच उभी, कोरडी. पडदे भिजत घातले, नळी फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली आणि स्वयंपाकाला लागले. रडू आलं नाही. अजून आलेलं नाही. पायाला मुंग्या आल्यावर चिमटा काढून बघतात, तशी मी नळी काढून बघते. महिन्याला तेलाचं बोट फिरवते. का, ते विचारू नकोस.

गॅरेजवाला चाक उघडेल, नवी नळी घालेल आणि कुणाला काही कळणार नाही, म्हणून गॅरेज गॅरेज करत होते. पण तू त्यांच्या भरवशावर चाक बसवायला निघालीस, आणि ते ज्या भरवशावर बसवत होते, तो भरवसा मी होते.

आधी एक बेअरिंग, मग नळी, मग दुसरं. बोट घालून बघ, मगच आवळ. नळी असली की बिनधास्त आवळ. मला उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. चाक बसलं एवढं कळव.

आजी

ता. १८ फेब्रुवारी

ती. आजीस नमस्कार. पुडकं पंधराला आलं. दोन दिवस नळी टेबलावर ठेवली आणि बसने कामावर गेले. तुझा राग येतोय का ते बघत होते. काहीच येत नव्हतं.

काल बसवलं. एक, नळी, दुसरं. बोट घालून बघितलं, मग सगळा जोर लावून आवळलं. चाक उचलून फिरवलं आणि हात धुवायला गेले. पुसत परत आले तरी फिरत होतं. आवाज नाही.

बाबांना मी काही बोललेले नाही. ते तुझं आहे.

मागचं चाक उघडायचं आहे अजून. मला बसवता येतं, धुता येत नाही. तू ये. वाट बघते.

भिंगरी

ता. २३ फेब्रुवारी

भिंगरे, आशीर्वाद. तुझ्या बापाला काल सांगितलं. जेवत होता. अर्ध्यावर उठून हात धुवायला गेला, नळ बराच वेळ चालू होता. मग म्हणाला, शनिवारी मी सोडतो तुला तिकडे. एवढंच.

तेव्हा शनिवारी येते. घासलेट आणून ठेव. खिडकीला पडदा असेल तर काढून टाक. दूध तू तापव, मी उठणार नाही. आणि कागदाकडे हात नेण्याआधी दर वेळी मला विचार, आजी, नळी कुठाय म्हणून.

मी चिडेन. तरी विचारायचं.

तुझी आजी